नवा लॅपटॉप, जुना पीएलसी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची शिरोली औद्योगिक वसाहतीत फाउंड्री आहे. सँड प्लांटवर (साच्यांची वाळू तयार करणाऱ्या यंत्रणेवर) सीमेन्सचा एस७-२०० पीएलसी (यंत्रे चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) असून तो बसवून देणारे गृहस्थ आता या व्यवसायात नाहीत. ज्या विंडोज ७ च्या लॅपटॉपवर मायक्रो/विन (या पीएलसीचा प्रोग्रॅम लिहिण्याचे सॉफ्टवेअर) होते, तो कायमचा बंद पडला. नव्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर मायक्रो/विन कसेबसे बसले आणि जुनी लॅडरही (पीएलसीचा आकृतीरूप प्रोग्रॅम) उघडते, परंतु पीएलसीशी संपर्क होत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलपुढे पिवळा त्रिकोण दिसतो. काय करावे? पीएलसीच बदलावा का?
— एक वाचक, शिरोली (जि. कोल्हापूर)

उत्तर : लॅपटॉप गेला म्हणून आपला प्लांट थांबणार नाही, कारण प्रोग्रॅम पीएलसीच्या स्वतःच्या कायमस्वरूपी मेमरीत असतो. खरी काळजी वेगळी आहे. उद्या पीएलसी जळाला, तर दुसऱ्या पीएलसीत प्रोग्रॅम भरण्याचे साधन आज आपल्याकडे नाही. म्हणून पीएलसी बदलण्याचा निर्णय सावकाश घ्यावा, पण संपर्काची सोय याच महिन्यात करावी.

मायक्रो/विनची शेवटची आवृत्ती, म्हणजे ४.० एसपी ९, ही विंडोज ७ च्या काळातली आहे. लॅडर उघडायला साधा प्रोग्रॅम पुरतो; पीएलसीशी बोलायला मात्र ड्रायव्हर (केबल आणि विंडोज यांना जोडणारे सॉफ्टवेअर) लागतो आणि अडचण नेमकी तिथे येते. विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपात मिळते, त्यामुळे ३२-बिट ड्रायव्हर त्यावर चालतच नाहीत. त्यातून जे जुने ड्रायव्हर ६४-बिट आहेत, त्यांतले काही ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा-सोय अडवते. केबलचाही प्रश्न आहे. बाजारात मिळणाऱ्या अनेक केबलींत प्रोलिफिकची पीएल-२३०३ ही चिप असते आणि तिच्या जुन्या प्रकारांना विंडोज ११ वर आधार देणे कंपनीने थांबवले आहे. त्रिकोणापुढचे नाव नीट वाचून पाहावे. ‘पुरवठादाराशी संपर्क साधा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ तिथे असेल, तर केबल बिघडलेली नाही, ड्रायव्हरनेच तिला नाकारले आहे.

अशा वेळी अनेक जण इंटरनेटवरून कुठला तरी जुना ड्रायव्हर उतरवतात आणि तो चालावा म्हणून विंडोजच्या सुरक्षा-सोयी एकेक करून बंद करतात. कृपया तसे करू नये. पुढच्या एखाद्या अपडेटनंतर तीच अडचण परत उभी राहते आणि तोवर लॅपटॉप असुरक्षित राहतो.

माझा स्पष्ट सल्ला व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकाचा आहे. त्यासाठीचे व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हे सॉफ्टवेअर नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरासाठीही विनामूल्य आहे. त्यात परवाना असलेले विंडोज ७ बसवावे, त्यावर मायक्रो/विन घालावे आणि यूएसबी केबल लॅपटॉपच्या विंडोजला न देता थेट त्या व्हर्च्युअल मशीनला जोडून द्यावी. मग ड्रायव्हर आतल्या विंडोज ७ चा वापरला जातो आणि विंडोज ११ चा नकार आड येत नाही. विंडोज ११ प्रोमधील हायपर-व्ही ही व्हर्च्युअल मशीनची सोय या कामासाठी घेऊ नये, कारण त्यात यूएसबी केबल अशी थेट जोडून देता येत नाही. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला असल्यामुळे या व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क कायम बंद ठेवावे.

संपर्क झाल्यावर पहिले काम अपलोडचे. अपलोड म्हणजे पीएलसीतल्या प्रोग्रॅमचे केवळ वाचन, पण चुकून डाउनलोड (लॅपटॉपवरून पीएलसीत लिहिणे) झाले तर पीएलसी स्टॉपमध्ये जातो आणि आतला प्रोग्रॅम बदलतो. म्हणून हे काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, मिक्सर आणि बेल्ट रिकामे असताना करावे. प्रोग्रॅमला पूर्ण संरक्षणाचा पासवर्ड असेल तर अपलोड होणार नाही, तेव्हा जुनी कागदपत्रे आधीच शोधून ठेवावीत. अपलोडमध्ये इनपुट-आउटपुटला दिलेली नावे आणि लॅडरच्या ओळींवरील टिपा सहसा येत नाहीत. आपल्याकडची जुनी एमडब्ल्यूपी फाइल त्यासाठीच मोलाची आहे. ती पीएलसीतल्या प्रोग्रॅमशी ताडून पाहावी, कारण वर्षानुवर्षांत केलेले छोटे बदल फाइलमध्ये नसण्याचा संभव असतो. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते : पाणी आणि बेंटोनाइटचे (वाळू बांधून ठेवणाऱ्या मातीचे) जे टायमिंग ऑपरेटरने पॅनेलवरून बदललेले असते, ते पीएलसीच्या व्ही-मेमरीत, म्हणजे बदलत्या आकड्यांच्या जागेत असते. तेही जपण्यासाठी पीएलसी मेनूतील रॅमवरून डेटा ब्लॉक तयार करण्याची सोय वापरावी आणि त्यानंतर अपलोड करावे. शेवटी व्हर्च्युअल मशीनचा संपूर्ण फोल्डर दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावा. पुढचा लॅपटॉप बदलाल तेव्हा तोच फोल्डर उचलून न्यायचा असतो.

हे झाले की सीमेन्सच्याच नव्या एस७-१२०० पीएलसीवर जाण्याचा विचार निवांतपणे करता येईल. त्यासाठी टीआयए पोर्टल या त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने प्रोग्रॅम आणि चाचण्या कराव्या लागतील. ते काम मोठ्या बंदच्या काळातच योग्य.

प्रश्न : आमच्या जलशुद्धीकरण प्रकल्पात ओपीसी सर्व्हर (यंत्रांची माहिती इतर सॉफ्टवेअरला पुरवणारा प्रोग्रॅम) नव्या विंडोज ११ च्या संगणकावर नेला. स्काडा (प्रकल्पावर देखरेख आणि नियंत्रण ठेवणारे सॉफ्टवेअर) जुन्या विंडोज ७ च्या संगणकावरच आहे. दोघांचा संपर्क तुटला आहे. फायरवॉल बंद करूनही उपयोग झाला नाही.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : फायरवॉल आधी परत चालू करावी. जुनी ओपीसी पद्धत दोन संगणकांमध्ये डीकॉमवर (दोन संगणकांवरच्या प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलू देणाऱ्या विंडोजच्या सोयीवर) चालते आणि सुरक्षेतील एका त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टने डीकॉमचे नियम टप्प्याटप्प्याने कडक केले. १४ मार्च २०२३ च्या अपडेटपासून ते नियम बंद करण्याची सोयच उरली नाही. नव्या संगणकाच्या सिस्टिम लॉगमध्ये १००३६ क्रमांकाची नोंद शोधावी; ती असेल तर कारण हेच. जुन्या संगणकावर डीकॉम-सीएनएफजी (dcomcnfg) या विंडोजच्या साधनात ऑथेंटिकेशनची (ओळख पडताळण्याची) पातळी ‘पॅकेट इंटिग्रिटी’ करून पाहावी. स्काडा स्वतःची पातळी ठरवत असेल तर याचा उपयोग होणार नाही. तेव्हा ओपीसी सर्व्हर पुन्हा स्काडाच्याच संगणकावर आणावा आणि स्काडा बदलताना ओपीसी यूए ही ओपीसीची नवी पद्धत मागून घ्यावी, जिला डीकॉम लागत नाही.