नावाने की नावेने?

प्रश्न : फ्रेंच शिकताना ‘पी-ए-आय-एन’ हा शब्द भेटला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ पाव, इंग्रजीत वेदना. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. अक्षरं तीच, म्हणजे मूळही एकच असणार ना?
– एक वाचक

उत्तर : तेवढ्यावरून मूळ ठरत नाही. तुमच्या दोन उदाहरणांचीच उत्तरं वेगवेगळी आहेत.

फ्रेंच शब्द लॅटिन ‘पानिस’पासून आला, त्याचा अर्थ भाकरी, पाव. इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन ‘पोएना’पासून आला आणि ‘पोएना’ म्हणजे दंड, आपली शिक्षाच! फ्रेंचने या दोघांची स्पेलिंगं आजही वेगळी ठेवली आहेत. मला त्याहून मोह पडतो तो पुढच्या गोष्टीचा. ‘पानिस’चं पोर्तुगीज रूप मराठीत आलं आणि ‘पाव’ झालं. इथे आधीपासून एक ‘पाव’ होताच, संस्कृत ‘पाद’पासून आलेला, चौथा हिस्सा या अर्थाचा. पाव किलो पाव म्हणताना आपण दोन कुळांतले शब्द शेजारी बसवतो.

कुळ ओळखायला मी आधी शब्द चालवून बघते. ‘नाव’ घ्या. नावाने हाक मारतो, नावेने नदी ओलांडतो. पहिलं ‘नाम’वरून, दुसरी ‘नौ’वरून, लिंग वेगळं, सामान्यरूप वेगळं. तसंच बोटाने आणि बोटीने. बोट हा अवयव मराठीचा, पाण्यातली बोट इंग्रजीतून आलेली. दरवेळी व्याकरण इतकं सरळ साक्ष देत नाही, पण विचारून बघायला हवं.

मी बरीच वर्षं मुद्रितशोधन केलं. एकदा हिंदीतून आलेल्या गोष्टीत रिकाम्या डब्याबद्दलचं वाक्य होतं : ‘डिब्बा खाली है’. अनुवादात ते ‘डबा खाली आहे’ असं उतरलं होतं. वाचणाऱ्याला वाटलं असतं, डबा खालच्या फळीवर आहे. हिंदीतला ‘खाली’ अरबी, रिकामा या अर्थाचा. आपला ‘खाली’ हा खालचा, खालून यांच्या घरातला. अनुवादकाला दोष देववत नाही. ओळखीचं अक्षर दिसलं की डोळा थांबतच नाही.

‘शिक्षा’ मात्र दोन्हीकडे एकच, संस्कृत ‘शिक्ष्’ धातूची. शिकवण्यातून वळण लावणं, त्यातून धाक, धाकातून दंड, असा अर्थ मराठीत सरकला. इंग्रजी ‘कॉइन’चंही असंच. फ्रेंचमध्ये त्याच स्पेलिंगचा अर्थ कोपरा, इंग्रजीत नाणं, आणि दोन्ही लॅटिनमधल्या पाचरीच्या शब्दातून निघालेले. पाचरीच्या टोकावरून कोपरा आला. पाचरीसारख्या ठशाने धातूवर छाप उठवत, म्हणून आधी ठसा आणि मग नाणं.