मारानो, शनवार तेली आणि अदाफिना

प्रश्न असा आलाय: "स्पेन-पोर्तुगालमधल्या छुप्या ज्यू बायकांची ओळख आजी-आई-मुलगी अशी पुढे कशी गेली यावर लिहितेय. त्यांना मारानो म्हणतात ना? मग बाईला 'मारानी' म्हटलं तर चालेल का? आणि आपले शनवार तेली पण मारानोच का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण ते ऐकून ऐकून कान किटलेत. शनवार तेली मारानो नाहीत. नाहीत म्हणजे नाहीत. रायगडातले बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवायचे आणि ते अख्ख्या पंचक्रोशीला माहीत होतं, इतकं की लोकांनी नावच त्यावरून पाडलं. लपवणाऱ्याला कोणी असं नाव देतं का? क्रिप्टो-ज्यू म्हणजे बाहेर बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती आणि घरात मोशेचा कायदा पाळणारा. ज्यू चालीरीती पाळल्याचा इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, खटला बाप्तिस्मा झालेल्यावरच चालायचा, हेही लोक कायम विसरतात आणि "ज्यूंना जाळलं" असं सरसकट लिहून मोकळे होतात.

आता मारानो. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ डुक्कर, आजसुद्धा. स्त्रीलिंगी रूप मार्राना, म्हणजे डुकरीण. तेव्हा बाईला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, आणि 'मारानी' तर अजिबात नको, महाराणीची धाकटी बहीण वाटते. ही शिवीच होती, १३८० मध्ये कॅस्टीलच्या राजाने धर्मांतरितांना असं म्हणण्यावर कायद्याने बंदी घातली होती. मूळ बहुतेक अरबी 'मुहर्रम', म्हणजे मनाई केलेलं. आपला हराम, हरामखोर आणि मोहरमचे ताबूत सगळे त्याच गोतावळ्यातले. काही विद्वान मात्र हिब्रूत शिरतात, 'मारीत आयिन' म्हणजे नुसतं दिसायला तसं, त्यावरून मारानो, किंवा मग चर्चच्या शापातल्या 'मारान आथा'वरून. मला हे सगळं शिवीला सभ्य आजोबा शोधून द्यायचा उद्योग वाटतो. लोक शिवी देताना हिब्रू व्याकरण बघत नाहीत हो. हिब्रूत त्यांना 'अनुसीम' म्हणतात, जबरदस्ती झालेले, तो शब्द माणुसकीचा आहे, पण बाईबद्दल लिहिताना जपून, 'अनुसा' म्हणजे धर्मशास्त्राच्या भाषेत बलात्कार झालेली स्त्री.

पण तुम्हाला बायकांबद्दल लिहायचंय ना, मग मारानोत काय अडकून बसलात, खरा शब्द स्वयंपाकघरात आहे. अदाफिना! शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधी हरभरे, मांस, कांदा, अंडी भांड्यात घालून ते रात्रभर निखाऱ्यात आणि राखेत पुरून ठेवायचं, शनिवारी दुपारी गरमागरम खायचं. (आपल्याकडे पोपटीचं मडकं लावतात त्यातलाच प्रकार, फक्त इथे रात्रभर.) अरबी 'अद्-दफीना', म्हणजे पुरलेली. द-फ-न. म्हणजे आपलं दफन! दफनभूमीतलं दफन आणि शब्बाथचं जेवण एकाच धातूचे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

आता इथे एक चूक छापील पुस्तकांतसुद्धा फिरतेय, की छुपे ज्यू हे लपूनछपून खायचे म्हणून 'लपवलेली' असं नाव पडलं. साफ खोटं. चौदाव्या शतकातल्या स्पॅनिश काव्यात हा पदार्थ आलाय, आणि तेव्हा ज्यू उघडपणे ज्यू म्हणून राहत होते, लपवायचं काही कारणच नव्हतं. पुरलं जायचं ते भांडं. माणसं पुरायची वेळ नंतर आली: १३९१ च्या दंगली आणि सक्तीची धर्मांतरं, १४९२ ला स्पेनमधून हकालपट्टी, १४९७ ला पोर्तुगालमध्ये सगळ्यांना बळजबरीने बाप्तिस्मा. शब्द आधीपासून चुलीत बसलेला होता आणि अर्थ मागून चालत येऊन त्याला चिकटला. कोशकारांना हा क्रम उलटा लावायला इतकं का आवडतं कळत नाही.

आणि सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळं गेली, रब्बी म्हणजे धर्मगुरू गेले, हिब्रू पुस्तकं गेली, त्यामुळे धर्म उरला तो बायकांच्या हातातला. इन्क्विझिशनला हे पक्कं माहीत होतं. त्यांच्या जाहीरनाम्यात छुप्या ज्यूच्या खुणा काय, तर शुक्रवारी घर झाडणं, शनिवारी धुतलेले कपडे घालणं, मांसाची चरबी काढणं, डुकराच्या चरबीऐवजी तेलात शिजवणं. सगळी घरकामं! मोलकरणीने नुसतं सांगितलं की मालकीणबाई तेलात कांदा परततात, तरी पुरे. आता तुमच्या पिढ्यांचा विचार करा. आजीने उघडा शब्बाथ पाहिलेला, आईने तो दार लावून शिकलेला, आणि मुलीला लहानपणी कोणी काही सांगायचंच नाही, कारण लहान मूल बोलून जातं. म्हणजे पोरीला आधी भीती मिळायची, चालरीत मिळायची, आणि कारण मिळालंच तर वयात येताना. मानसशास्त्रवाले याला काय म्हणतील ते म्हणोत, माझ्या मते ओळख इथे श्रद्धेतून येतच नाही, काय करायचं नाही यातून येते. डुक्कर का खात नाही, तर पोटाला झेपत नाही.

स्पेनमधल्या एरेरा गावातली इनेस घ्या, वय जेमतेम बारा, चांभाराची मुलगी. १४९९ च्या सुमारास तिला दृष्टांत व्हायला लागले, की मेलेली आई येऊन तिला स्वर्गात घेऊन गेली आणि सगळ्यांना लवकरच वचनभूमीत नेणार आहेत. आजूबाजूच्या मुली ठेवणीतले कपडे घालून वाट बघत बसायच्या म्हणे. १५०० मध्ये इनेसला जाळलं. आईने जिवंतपणी काय सांगितलं असेल नसेल, पण धर्म मुलीकडे आला तो आईच्याच बोटाला धरून.

गोवा म्हणाल तर आहेच. वनस्पतींवरचं पुस्तक लिहिणारा गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये गोव्यात वारला तो चांगला ख्रिस्ती म्हणून, १५६९ ला तिथेच त्याच्या बहिणीला, कातारीनाला, जाळलं आणि तिच्या खटल्यातून भावाचं छुपं ज्यूपणही बाहेर आलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. दफनाचंसुद्धा दफन राहू दिलं नाही.

पोर्तुगालमधल्या बेलमोंत गावातले छुपे ज्यू मात्र टिकले. १९१७ मध्ये सामुएल श्वार्त्झ नावाचा पोलिश ज्यू खाण-इंजिनिअर तिथे पोचला, मी पण ज्यू म्हणाला, कोणाचा विश्वास बसेना. जगात आपणच उरलोय असं त्यांना वाटायचं. मग त्याने हिब्रू प्रार्थना म्हटली, आणि 'अदोनाय' (देवासाठीचा हिब्रू शब्द, 'प्रभू') ऐकल्याबरोबर बायकांनी डोळ्यांवर हात घेतले. बाकी सगळ्या प्रार्थना पोर्तुगीजमध्ये, तोंडपाठ, आईकडून मुलीकडे, पण तो एक शब्द चारशे वर्षं तसाच हिब्रू राहिला होता. प्रार्थना सांगणाऱ्या बायकाच होत्या, आणि तो खरा ज्यू हा निवाडाही एका म्हातारीनेच दिला. पुढे बाहेरून रब्बी आले, १९९६ ला सिनेगॉग झालं, ऑर्थोडॉक्स पद्धत सुरू झाली, आणि तिथे सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, बायका मोजतच नाहीत. काही जणींनी मग आपलं जुनं घरातलंच चालू ठेवलं. लेख लिहिणार असाल तर इथून सुरू करा, मारानो-मारानी राहू द्या.