वाचकांचे प्रश्न : अंगणातले सोलर दिवे

प्रश्न : खानापूरला आमच्या अंगणात जमिनीत रोवायचे सहा सोलर दिवे आहेत. पावसाळा संपल्यापासून चार दिवे तासाभरात विझतात, दोन लागतच नाहीत. नवे घ्यावेत का?

उत्तर : एवढ्यात घेऊ नका. खानापूरच्या पावसात पॅनेलला आठवडेच्या आठवडे ऊन मिळत नाही. सेल अर्धवट चार्ज राहून कमजोर होतो. स्विच बंद करून झाकण उघडा आणि सेलवरचा मजकूर वाचा. बहुतेक दिव्यांत १.२ व्होल्टचा, पुन्हा चार्ज होणारा निकेल मेटल हायड्राइड सेल असतो. तोच प्रकार, तेच व्होल्टेज घ्या. साधा पेन्सिल सेल मुळीच घालू नका. तो चार्ज करण्यासाठी नसतो, फुटून पाझरतो. ६०० एमएएचच्या (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) जागी २००० घातल्यानेही फायदा नाही, कारण छोटं पॅनेल तो दिवसभरात भरूच शकत नाही. सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरचा हिरवा गंज व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळवा. पॅनेलवरची तांबडी धूळ ओल्या फडक्याने काढा.

न लागणाऱ्या दोन दिव्यांचं पॅनेल भरदुपारी तळहाताने पूर्ण झाका. लागले, तर रात्री रस्त्याचा किंवा पडवीचा उजेड त्यांना दिवसच वाटतो, जागा बदला. तरीही न लागल्यास नवा सेल घालून पाहा, मग सुटलेली तार शोधा.

हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं, तेव्हा घराच्या उत्तरेची सावलीतली जागा टाळा. आणि जूनच्या आधी सेल काढून घरात कोरडे ठेवा.