शोकांतिकेतल्या कळीच्या सीनमध्ये नाटककार टेन्शन कसं वाढवतो?

आरडाओरडा, तलवारी वगैरेंनी नाही वाढत, खरं टेन्शन येतं ते प्रेक्षकाला माहितीये आणि पात्राला माहीत नाहीये यातून. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकातला तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश घ्या, सुरुवातीला सेनापती ऑथेल्लो बायकोवर, डेस्डिमोनावर, जीव टाकतोय आणि त्याच प्रवेशाच्या शेवटी तो तिला मारायच्या गोष्टी करतो, आणि एवढं सगळं होतं ते फक्त बोलण्यातून! ऑथेल्लोच्या हाताखालचा इयागो त्याचा घात करायला निघालाय, हे आपल्याला माहितीये, त्याला नाही. पण इयागो तिच्यावर आरोप पटकन करतच नाही, कामावरून काढलेल्या कॅसिओ या अधिकाऱ्याला डेस्डिमोनाजवळून जाताना बघून नुसतं 'हे काही मला आवडलं नाही' असं पुटपुटतो, मग ऑथेल्लो विचारतो कॅसिओ प्रामाणिक आहे ना, तर हा 'प्रामाणिक, महाराज?' म्हणून त्याचाच शब्द त्याला परत देतो आणि गप्प. आता पुढचं ऑथेल्लो स्वतःच खोदून काढणार, म्हणजे माहिती अडवून धरली की समोरचा आपणहून जाळ्यात येतो.

मग रुमाल, ऑथेल्लोनेच डेस्डिमोनाला भेट दिलेला. डेस्डिमोना प्रेमाने नवऱ्याचं दुखणारं डोकं बांधायला जाते, तो हात झटकतो, रुमाल खाली पडतो आणि दोघंही तसेच निघून जातात. इयागोची बायको एमिलिया तो उचलून इयागोला देते, आणि तो त्याचाच खोटा पुरावा करणार. आपल्याला दिसतंय काय होणारे, ओरडून सांगावंसं वाटतं पण सांगणार कोणाला?

अजून एक, तिचा चांगुलपणाच तिला नडतो, कारण कॅसिओला परत कामावर घ्या म्हणून ती जितकी मागे लागते तितका नवऱ्याचा संशय पक्का होत जातो. माझ्या मते रुमालापेक्षा हे जास्त क्रूर आहे.