देवाशी भांडण झालं कधी?

प्रिय सलोमी,

तुझा व्हॉट्सॲपवरचा निरोप ऐकला. शनिवारी रात्री आजी कोलंबीच्या कालवणाची वाटी घेऊन खालच्या मजल्यावरच्या मामींकडे गेली आणि का म्हणून विचारलंस तर "उद्या प्रभुभोजन आहे" एवढंच म्हणाली. रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात देवाशी समेट करायला सांगितलं. तू विचारतेस, आजी-मामींच्या पाण्याच्या नळावरून झालेल्या भांडणाचा चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या प्रभुभोजनाशी काय संबंध? आणि माझं देवाशी भांडण झालंय कधी?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते. भांडण म्हणजे आरडाओरडाच असं नाही. आपल्या मराठी घरांत अबोला किती वर्षं चालतो ते आता भायखळ्यात तुला दिसतच असेल. देवाशी माणसाचं बिनसतं ते बहुतेक असंच. बायबलच्या अगदी सुरुवातीला, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, आदाम आणि हव्वा चूक करतात आणि झाडांआड लपतात. देव बागेत येऊन हाक मारतो, "तू कुठे आहेस?" अपराध माणसाचा, आणि शोधत आला देव. ख्रिस्ती विश्वासातला समेट मला इथूनच समजायला लागला.

येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट तुला संडे स्कूलमुळे पाठ आहे. पण आता ती मुंबईत बसून वाच, लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय. धाकटा मुलगा बापाच्या हयातीत वाटणी मागतो. आपल्याकडे या एका गोष्टीवरून घरं दुभंगतात, भाऊ भावाचं तोंड पाहत नाहीत. त्या पोराने बापाला जिवंतपणी मेल्यात जमा केलं होतं. पैसा उडाला, डुकरं राखायची वेळ आली, तेव्हा तो घरी निघाला. वाटेत बोलायचं ठरवून ठेवलं: मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एका चाकरासारखं ठेवा. तो दूर असतानाच बापाने त्याला पाहिलं आणि म्हातारा धावत सुटला. पुढे नीट बघ, चाकरासारखं ठेवा हे वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. त्याआधीच बापाने झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगितलेले असतात.

येशूचा प्रेषित पौल याने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं की आपण देवाचे वैरी असतानाच ख्रिस्ताच्या मरणाने आपला त्याच्याशी समेट झाला. वैरी असतानाच! म्हणजे आपण सुधारलो, उपास केले, देवाला राजी केलं आणि मग तो वळला, असं नाही. आपलं अंतर मिटवायची किंमत ख्रिस्ताने वधस्तंभावर भरली. ती नेमकी कशी, याबद्दल ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वेगवेगळी मांडणी आहे. कोणी म्हणतं आपली शिक्षा त्याने घेतली, कोणी म्हणतं त्याने मरणावर आणि पापावर विजय मिळवला. मला दोन्ही लागतात. येशूने प्राण सोडला तेव्हा मंदिरात देवाच्या परमपवित्र जागेपुढचा पडदा वरून खालपर्यंत फाटला, असं मत्तय आपल्या शुभवर्तमानात लिहितो. फाडणारा हात वरचा होता, असाच मी त्याचा अर्थ घेते.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला. त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं. लेकराला उचलायला आई स्वतः वाकते, हे वारकऱ्यांच्या मुलखातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. चर्चमध्ये पेटी-तबल्यावर त्यांची भजनं लागली की शब्दांकडे लक्ष दे.

आता आजीची वाटी. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो, देवाने आपला समेट केला आणि समेटाचं काम आपल्यावर सोपवलं. आणि येशूचं म्हणणं तर अगदी रोखठोक आहे, मत्तय ५: वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. चूक कुणाची होती हे तो विचारतही नाही. म्हणून आजी प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री जिना उतरते.

याचा अर्थ झालेलं नुकसान गिळून गप्प बसायचं असा मात्र काढू नकोस. येशू जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी आपण होऊन गेला, आणि त्यानंतर जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. आजीने जास्तीचं पाणी भरलं असेल तर तिलाही वेळ वाटून घ्यावी लागेल.

मामींनी वाटी घेतली पण बोलल्या नाहीत, म्हणून तुला वाईट वाटलं. लूकच्या गोष्टीत थोरला भाऊ रुसून अंगणातच उभा राहतो, बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो, आणि तो आत गेला की नाही हे येशू सांगतच नाही. आजी पुन्हा जाईल. तुला सोबत चल म्हणाली तर जा, आणि मामींना नमस्कार कर.

तुझी,
आई