आजोबांच्या रजिस्टरमधले १४३०

प्रश्न: ताई नमस्कार. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये म्हणजे जंगी पलटणीत होते, १९७१ ला पूर्वेकडच्या लढाईत होते. रिटायर झाल्यावर १९७६ मध्ये त्यांनी सायकलचं दुकान टाकलं, दुरुस्ती आणि तासावर भाड्याने सायकली. आता बाबा आणि काका बघतात. मागच्या वर्षी आजोबा गेले. वर्षश्राद्ध आणि दुकानाची ५० वर्षं एकदमच येतायत म्हणून घरी एक छोटं पुस्तक काढायचं ठरलंय आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. काका म्हणतात कव्हरवर "शौर्यपदक विजेते" टाक. आत्या म्हणते जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) शरण या म्हणून पाकिस्तानी कमांडरला जी चिठ्ठी पाठवली ती आजोबांनीच नेलेली. आजोबा स्वतः कधी काही बोलले नाहीत, विचारलं तर "थंडी होती" एवढंच. घरात दोन मेडल, डिस्चार्ज बुक आणि दुकानाची जुनी रजिस्टरं आहेत, फोटो पाठवतेय. एवढ्यावर काय लिहू?

उत्तर: अगं "एवढ्यावर" काय म्हणतेस, डिस्चार्ज बुक सुद्धा पुरात नाहीतर वाळवीत गेलेली घरं कितीतरी आहेत.

आधी कव्हरचं मिटवू. फोटोत दिसतायत ती पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल. ही मोहिमेची मेडल, म्हणजे त्या युद्धात ड्युटीवर होते म्हणून मिळालेली, पूर्व आघाडीवरच्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. शौर्याची वेगळी, परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना मेडल वगैरे. काकांना वाईट वाटेल पण हे पुस्तक एखाद्या माजी सैनिकाच्या हातात पडलं तर तो कव्हरवरच थांबेल. "१९७१ च्या युद्धातले सैनिक" लिही, त्यात कमी काही नाहीये. संग्राम मेडलच्या कडेवर भिंगाने बघ, नंबर आणि नाव कोरलेलं असतं. आणि ब्रासो लावून चकचकीत करायला जाऊ नका, अक्षरं घासली जातात.

आता चिठ्ठी. तो प्रसंग खराच आहे, जमालपूरला वेढा घातल्यावर आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी पत्र पाठवलं आणि पाकिस्तानी कमांडर कर्नल सुलतानने उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. पण पत्र नेलं ते तिथल्याच एका म्हाताऱ्या माणसाने, आपल्या जवानाने नाही. आत्या मुद्दाम खोटं बोलत नसणार गं, पलटणीची गोष्ट घरी येते आणि वीस वर्षांत ती आजोबांची होऊन जाते, सगळ्यांकडे होतं हे. तू पलटणीचं म्हणूनच लिही. १० डिसेंबरच्या रात्री जमालपूरमधून बाहेर पडायला निघालेल्या पाकिस्तानी तुकडीला १ मराठाने, म्हणजे आजोबांच्याच पलटणीने, रस्त्यावर अडवलं, पुढे टांगाईलच्या बाजूला ११ तारखेला पॅराशूटने उतरलेल्या आपल्याच २ पॅरा बटालियनला जाऊन मिळाले आणि १६ ला ढाक्यात शरणागती. आजोबा नेमके कुठल्या कंपनीत, कुठे होते ते बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला विचारता येतं, आर्मी नंबर लिहून डिस्चार्ज बुकची झेरॉक्स आणि तुम्ही वारस असल्याचा पुरावा जोडा. पत्र लिहायला जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, त्यांचं रोजचं काम आहे ते. उत्तराला वेळ लागेल, त्याच्यासाठी पुस्तक अडवून ठेवू नकोस.

आणि खरं सांगू का, तुझ्या मेडलच्या फोटोपेक्षा मी रजिस्टरच्या फोटोवरच जास्त वेळ अडकले. नाव, सायकल नंबर, नेली कधी, आणली कधी. आणि वेळ बघितलीस का कशी लिहिलीय? १४३०. १५१५. दुपारी अडीच नाही, सव्वातीन नाही, शाळेतून सुटलेल्या पोराने अर्ध्या तासासाठी छोटी सायकल नेली तरी पलटणीतल्यासारखी चार आकडी वेळ, आणि आणून दिली की त्याच्यावर एक सरळ रेघ. "थंडी होती" एवढं बोलणाऱ्या माणसाने हे रोज लिहिलंय, वर्षानुवर्षं, तेही स्वतःच्या हाताने, म्हणजे आत्याच्या गोष्टीपेक्षा हा पुरावा पक्का. लढाई १३ दिवसांची होती गं, दुकान ५० वर्षांचं आहे, निम्मं पुस्तक तरी दुकानाला दे. रजिस्टरमधली नावं शोध, ती पोरं आता पन्नाशी-साठीत असतील, सायकल शिकताना कोण कुठे आपटलं आणि आजोबा काय ओरडले ते तीच सांगतील. उशिरा आणली तर पैसे जास्त घ्यायचे का, डिपॉझिट नसलेल्या पोराला सायकल द्यायचे का, असलं विचार. "आजोबा कसे होते" असं विचारलंस तर सगळे "देवमाणूस" म्हणून मोकळे होतील, काही हाती लागणार नाही.

पानं पेन्सिलची आहेत, आत्ताच उजेडात फोटो काढून ठेव, पुसट व्हायला लागलीयत.

आणि एक. त्या पानावर खालून तिसरी ओळ, सायकल नंबर ७, नेली १६४५. आणल्याची वेळच नाही आणि रेघही नाही. काकांना विचार ना, आली का ती परत?