सहाव्या महिन्यातले पडणे आणि बाळाचा दुभंगलेला ओठ

समुपदेशनासाठी आलेल्या एका आईचा प्रश्न येथे मांडत आहे, कारण वेगवेगळ्या रूपांत तो माझ्यासमोर वारंवार येतो. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिच्या तान्ह्या बाळाचा वरचा ओठ एका बाजूने दुभंगलेला होता. गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात ती जिन्यावरून घसरली होती. तेव्हा तपासणीत काळजीचे काही आढळले नव्हते, तरीही बाळ जन्मल्यावर घरात त्या पडण्याचा विषय पुन्हा पुन्हा निघू लागला आणि हे व्यंग आपल्याच बेसावधपणामुळे आले, अशी तिचीही खात्री होऊन बसली.

अशा वेळी ‘यात तुमचा दोष नाही’ एवढे म्हणून भागत नाही, कारण हे वाक्य तिने अनेकांकडून ऐकलेले असते आणि निव्वळ सांत्वन म्हणून बाजूला सारलेले असते. म्हणून मी तिच्यासमोर कागदावर आठवडे मांडले. गर्भधारणेनंतर पहिल्या दोन आठवड्यांत पेशींचा पुंजका गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो आणि तिसऱ्या आठवड्यात त्यात तीन थर तयार होतात; शरीरातील सर्व अवयव याच थरांपासून घडतात. सुमारे २२ व्या दिवशी हृदयाचे स्पंदन सुरू होते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती साधारण २८ व्या दिवसापर्यंत मिटते. चेहरा मात्र अखंड तयार होत नाही. वेगवेगळे उंचवटे वाढत वाढत मध्याकडे येतात आणि एकमेकांना जुळतात. वरचा ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत आणि तोंडातील टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत जुळून येते. तिच्या बाळाचा ओठ तयार होऊन नंतर फाटलेला नव्हता, त्याचे भाग जुळायचेच राहिले होते, आणि ती जिन्यावरून घसरली त्याच्या कितीतरी आधी हे घडून गेले होते.

ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे पहिल्या दोन महिन्यांतच माझ्या हातून काहीतरी चुकले असणार.”

अपराधीपणा असा जागा बदलतो, हे समुपदेशकाने गृहीत धरायला हवे. मी तिला त्या काळातील औषधे, आजार, मधुमेह, धूम्रपान, मद्यपान आणि दोन्ही कुटुंबांतील जन्मजात व्यंगांविषयी एकेक करून विचारले. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह आणि अपस्माराच्या काही औषधांमुळे अशा व्यंगाची शक्यता वाढते; ती औषधे मात्र स्वतःहून कधीही बंद करू नयेत, कारण झटके अनावर झाले तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. तिच्या बाबतीत यातले काहीही नव्हते. बहुतेक कुटुंबांत असेच आढळते: अनेक जनुकांचे लहान लहान परिणाम आणि परिस्थितीतील काही घटक एकत्र येतात, पण बोट ठेवता येईल असे एकच कारण सापडत नाही. हे मी तिला जसेच्या तसे सांगितले, कारण खोटी निश्चिती पुढच्या शंकेपुढे टिकत नाही. माझ्या मते ही माहिती प्रसूतीनंतर लगेचच, तीही संपूर्ण कुटुंबाला एकत्र बसवून, द्यायला हवी.

पुढच्या भेटीला तिने पतीला सोबत आणले. त्यांना दुसऱ्या बाळाची काळजी वाटत होती. कुटुंबात आधी कोणाला असे व्यंग नसेल आणि बाळात इतर दोष नसतील, तर ते पुन्हा होण्याची शक्यता १०० पैकी साधारण ३ ते ५ असते. गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे, असा सर्वसाधारण सल्ला असतो. त्याचा सर्वांत खात्रीचा उपयोग मेंदू आणि मज्जारज्जूच्या व्यंगांपासून बचावासाठी आहे. ओठाबाबतचा पुरावा तितका भक्कम नाही, हेही मी स्पष्ट केले. बाळाच्या ओठावरील शस्त्रक्रिया सहसा पहिल्या काही महिन्यांतच होत असल्याने, त्यांनी त्याच आठवड्यात शल्यचिकित्सकांची वेळ घ्यायचे ठरवले.